डुकरातील जनुकांचे नियमन : पैदाशीला आणि मनुष्याच्या आरोग्याला त्याचा उपयोग

शिरूर आणि दौंड तालुक्यांतील शेतकऱ्यास कालव्याची व्यवस्था नव्याने सांगावी लागत नाही. दौंड तालुक्यात खडकवासल्याच्या नवीन मुठा उजव्या कालव्याचे पाणी येते, तर शिरूर तालुक्यातील गावांना घोड व चासकमान या प्रकल्पांच्या कालव्यांचा आधार आहे. धरणात पाणी कितीही असले, तरी ते कोणत्या चारीला, कोणत्या पाळीला आणि किती वेळ मिळावे हे दरवाजे ठरवितात. दरवाजा वेळेवर उघडला तर उसाचे पीक तरारते. तो बंद राहिला तर शेजारून कालवा वाहत असताही रान कोरडे पडते. सजीवांच्या शरीरातील आनुवंशिक गुणांचेही असेच आहे. गुण अंगी असणे ही एक गोष्ट आणि तो गुण योग्य वेळी, योग्य अवयवात प्रकट होणे ही दुसरी गोष्ट होय. या दुसऱ्या गोष्टीस शास्त्रज्ञ जनुकांचे नियमन म्हणतात.

या विषयातील एक अत्यंत बोधप्रद उदाहरण डुकराच्या अभ्यासातून मिळाले आहे. ज्यांना वराहपालनाचा जोडधंदा करावयाचा आहे त्यांना ते पैदाशीचा नर निवडताना उपयोगी पडेल. ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांनाही ते जाणून घेण्यासारखे आहे. कारण डुकराच्या शरीरातील हे दरवाजे मनुष्याच्या शरीरातील दरवाज्यांशी पुष्कळ अंशी जुळतात.

जनुक म्हणजे काय?

प्राण्याचे शरीर असंख्य पेशींचे बनलेले असते. बहुतेक प्रत्येक पेशीच्या केंद्रकात गुणसूत्रे असतात. मनुष्यात त्यांच्या २३ जोड्या असतात, डुकरात १९. प्रत्येक जोडीतील एक गुणसूत्र आईकडून व एक बापाकडून आलेले असते. गुणसूत्रातील डीएनए या द्रव्यावर चार रासायनिक अक्षरांत शरीराच्या घडणीचा संपूर्ण लेख लिहिलेला असतो. डुकराचा हा लेख २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यासाठी ड्युरॉक जातीच्या एका मादीची निवड करण्यात आली होती. या लेखात सुमारे २६० कोटी अक्षरे आहेत. मनुष्याच्या लेखात ती सुमारे ३०० कोटी आहेत. प्रथिने तयार करण्याची कृती सांगणारे जे भाग या लेखात असतात त्यांस जनुके म्हणतात. मनुष्य आणि डुक्कर या दोघांतही अशी जनुके वीस हजारांच्या आसपास आहेत, आणि त्यांतील बहुसंख्य एकमेकांशी मिळतीजुळती आहेत.

येथे स्वाभाविक प्रश्न असा उपस्थित होतो की, यकृताच्या, स्नायूच्या आणि कातडीच्या पेशींत लेख एकच असेल, तर त्यांची कामे वेगवेगळी कशी? उत्तर असे की, प्रत्येक पेशी संपूर्ण लेख एकाच वेळी वाचीत नाही. कोणता परिच्छेद वाचावयाचा आणि कोणता मिटून ठेवावयाचा, हे जनुकांच्या जवळपास असलेले नियामक भाग ठरवितात. हे भाग स्वतः प्रथिन बनवीत नाहीत. त्यांवर विशिष्ट प्रथिने येऊन बसतात व जनुकाचे काम चालू करतात, मंद करतात किंवा बंद पाडतात. पाटकरी दरवाज्यापाशी उभा असावा, तसे हे नियामक प्रथिन होय. एके काळी लेखातील असे भाग निरुपयोगी मानले जात असत. ती समजूत चुकीची होती, हे ज्या संशोधनांनी स्पष्ट केले त्यांत डुकरावरील पुढील संशोधनाचे स्थान मोठे आहे.

एका अक्षराचा फरक

स्वीडनमधील उपसाला येथे रानडुक्कर आणि लार्ज व्हाइट ही पाळीव जात यांचा संकर करून शास्त्रज्ञांनी त्यांच्या संततीचा पिढ्यान्पिढ्या अभ्यास केला. बेल्जियममधील लिएज येथे पिएत्रें आणि लार्ज व्हाइट या जातींच्या संकरावर असेच काम चालू होते. काही पिल्लांच्या अंगी मांस अधिक व चरबी कमी का असते, हा दोन्हीकडील प्रश्न होता. शोध घेता घेता दोन्ही पथके आयजीएफ-२ या एकाच जनुकापाशी येऊन पोहोचली. शरीराच्या वाढीस चालना देणारे एक प्रथिन या जनुकाच्या कृतीने तयार होते.

चमत्कारिक गोष्ट अशी की, मांसल डुकरांत आणि इतर डुकरांत या प्रथिनाच्या घडणीत काहीच फरक आढळला नाही. फरक सापडला तो जनुकाच्या आत असलेल्या, परंतु प्रथिन न बनविणाऱ्या एका भागात. आणि तोही केवळ एका अक्षराचा. २६० कोटी अक्षरांतील हे एक अक्षर बदलल्यामुळे जन्मानंतर स्नायूंमध्ये या जनुकाचे काम सुमारे तिपटीने वाढते. यकृतात मात्र असा फरक पडत नाही. गर्भावस्थेतील स्नायूंतही तो दिसत नाही. म्हणजे हा दरवाजा एकाच चारीवरचा आहे आणि त्याची वेळही ठरलेली आहे. हे संशोधन २००३ साली प्रसिद्ध झाले. अभ्यासलेल्या संकरांत स्नायूंच्या प्रमाणात जो फरक दिसून आला, त्यापैकी सुमारे १५ ते ३० टक्के आणि पाठीवरील चरबीच्या जाडीतील फरकापैकी सुमारे १० ते २० टक्के भाग या एका बदलामुळे होता, असे आढळले.

दरवाज्यापाशी उभा असणारा पाटकरी कोण, याचा उलगडा २००९ साली झाला. झेडबेड-६ असे नाव दिलेले एक प्रथिन या जागी येऊन बसते आणि जनुकाचे काम आटोक्यात ठेवते. अक्षर बदलले की या प्रथिनास तेथे बसता येत नाही. दरवाजा उघडा राहतो आणि स्नायू अधिक वाढतात. विशेष हे की, हे प्रथिन केवळ डुकरातच नसून, वार असणाऱ्या सर्व सस्तन प्राण्यांत, म्हणजे गाईत, मेंढीत आणि मनुष्यातही ते आहे. डुकराच्या गोठ्यात सुरू झालेल्या चौकशीतून मनुष्याच्या शरीरातील एक अज्ञात नियामक अशा रीतीने उजेडात आला.

बापाकडून आलेली प्रतच काम करते

पैदास करणाऱ्या शेतकऱ्याच्या दृष्टीने या जनुकाचे आणखी एक वैशिष्ट्य फार महत्त्वाचे आहे. बहुतेक जनुकांच्या बाबतीत आईकडून व बापाकडून आलेल्या दोन्ही प्रती काम करतात. आयजीएफ-२ चे तसे नाही. स्नायूंत बापाकडून आलेली प्रत वाचली जाते. आईकडून आलेल्या प्रतीवर जणू मोहोर मारून ती मिटून ठेवलेली असते.

याचा व्यवहारातील परिणाम लक्षात घ्यावा. एखाद्या शेतकऱ्याने पुष्कळ पैसे मोजून उत्तम मांसल जातीची मादी आणली आणि गावातील मोकाट नराशी तिचा संयोग होऊ दिला, तर या विशिष्ट गुणाचा लाभ तिच्या पिल्लांत दिसणार नाही. कारण आईची चांगली प्रत मुकी राहील आणि बापाची सामान्य प्रत काम करील. उलट, मादी साधी असली, परंतु नराच्या दोन्ही प्रती चांगल्या असल्या, तर प्रत्येक पिल्लास चालू स्थितीतील चांगली प्रत मिळेल. नराची एकच प्रत चांगली असेल, तर सरासरीने निम्म्या पिल्लांना हा लाभ होईल.

आईचा गुण अशा वेळी नष्ट होतो असे मात्र नाही. तो केवळ झाकला जातो. चांगली प्रत आईकडून मिळालेला नर स्वतः मांसल दिसणार नाही. परंतु तो पुढे बाप झाला की त्याच्या सुमारे निम्म्या पिल्लांत तीच प्रत बापाकडून आलेली ठरेल व काम करू लागेल. आजीचा गुण मुलात न दिसता नातवंडांत उतरला, असे अनुभवी पशुपालक कधी कधी सांगतात. त्या बोलण्यात तथ्य असू शकते, हे या उदाहरणावरून दिसून येते. सबब, या गुणापुरते तरी, पैदाशीच्या पैशाचा मोठा वाटा नराच्या निवडीवर खर्च करणे हेच हिताचे होय.

ही जनुकीय परीक्षा गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात करून मिळेल अशी अपेक्षा धरू नये. तिच्या अभावी नोंदवही हेच शेतकऱ्याचे साधन आहे. प्रत्येक पिल्लाचा बाप कोण, दूध तोडताना त्याचे वजन किती होते, सहा महिन्यांचे झाल्यावर किती भरले आणि तोवर किती खाद्य लागले, एवढ्या चार गोष्टी लिहून ठेवल्या, तरी दोन-तीन वितांनंतर कोणत्या नराची संतती सरस आहे हे कळून येते. तुलना करताना पिल्ले एकाच हंगामातील व एकाच खाद्यावरील असावीत. नाहीतर खाद्याचा गुण नराच्या पदरी घातला जाईल. एकच नर वर्षानुवर्षे ठेवून त्याच्याच मुलींशी त्याचा संयोग होऊ देऊ नये. तसे केल्यास झाकलेले दोष वर येतात.

सर्व दोष दरवाज्याचेच नसतात

केवळ मांसलपणावर नजर ठेवून निवड केली तर काय घडते, याचाही धडा डुकरानेच दिलेला आहे. काही अत्यंत मांसल परदेशी जातींत, विशेषतः पिएत्रें जातीत, जनावरे वाहतुकीत, उन्हात किंवा मारामारीत एकाएकी धापा टाकून मरत असत. त्यांचे मांसही फिके, मऊ व पाणी सुटणारे निघे. या रोगाचे मूळ कॅनडातील शास्त्रज्ञांनी १९९१ साली दाखवून दिले. स्नायूंच्या आकुंचनाशी संबंधित अशा एका जनुकातच एका अक्षराचा बदल झालेला होता. येथे दरवाजा ठीक होता, बियाणेच सदोष होते. ज्या जनावरास हा दोष आईबाप दोघांकडून मिळतो त्यास रोग होतो.

याच जनुकातील दोषामुळे काही माणसांस हॅलोथेनसारख्या वायूची भूल दिली असता स्नायू ताठ होतात, ताप झपाट्याने चढतो आणि प्राणावर बेतते. म्हणून ज्या घराण्यात भूल दिल्यानंतर कोणास असा त्रास झाला असेल, त्या घरातील माणसांनी शस्त्रक्रियेपूर्वी ही हकीकत डॉक्टरांस अवश्य सांगावी.

फलटणचा प्रयोग

आनुवंशिक ज्ञानाचा पशुपालनात प्रत्यक्ष उपयोग पाहण्यासाठी परदेशी जाण्याचे कारण नाही. दौंडच्या दक्षिणेस, नीरा ओलांडून गेल्यावर, सातारा जिल्ह्यातील फलटण येथे निंबकर कृषि संशोधन संस्था आहे. शिरूर, दौंड व आसपासच्या कोरडवाहू भागातील मेंढपाळ जी दख्खनी मेंढी पाळतात, ती साधारणपणे एका वेतात एकच कोकरू देते. बंगालमधील सुंदरबनची गरोळ मेंढी अंगाने लहान असली तरी बहुधा जुळी वा अधिक कोकरे देते. गरोळ मेंढीच्या या गुणाचे कारण असलेले फेक-बी हे जनुक २००१ साली निश्चितपणे ओळखले गेले. या जनुकातील एका अक्षराच्या बदलामुळे मेंढीच्या अंडाशयास मिळणारा संदेश बदलतो आणि एका वेळी अधिक बीजे पक्व होतात.

फलटणच्या संस्थेने ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांच्या आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या सहकार्याने हे जनुक दख्खनी मेंढ्यांत संकराने आणले. प्रत्येक पिढीत रक्ताची परीक्षा करून जनुक असलेली जनावरे तेवढी निवडली आणि त्यांचा पुन्हा दख्खनी जातीशी संयोग केला. अशा रीतीने शरीर दख्खनी मेंढीचे व जुळी कोकरे देण्याचा गुण गरोळचा, असा ‘नारी सुवर्णा’ हा वाण तयार झाला.

या प्रयोगातील इशाराही ध्यानात ठेवण्याजोगा आहे. जुळ्या कोकरांच्या आईस दूध अधिक लागते आणि दुधासाठी चारा अधिक लागतो. ज्या कळपास उन्हाळ्यात रिकाम्या रानावर गुजराण करावी लागते, तेथे दुसरे कोकरू लाभ न ठरता ओझे होण्याचा संभव असतो. गाभण काळाच्या शेवटच्या महिन्यात आणि विल्यानंतर पूरक खुराक देण्याची ज्यांची तयारी असेल, त्यांनीच असा नर कळपात सोडावा. दरवाजा उघडला तरी धरणात पाणी हवेच. जनुक हे खाद्याची जागा घेऊ शकत नाही.

हीच गोष्ट डुकरासही लागू आहे. मांसल वाणाच्या पिल्लास वाढीच्या वयात पुरेशी प्रथिने मिळाली नाहीत, तर त्याचा आनुवंशिक गुण वाया जातो. केवळ मक्याच्या भरड्यावर ते वाढत नाही. सोयाबीनच्या पेंडीसारखे प्रथिनयुक्त खाद्य आणि क्षारमिश्रण त्यास द्यावे लागते. सिमेंटच्या कोबावर ठेवलेल्या पिल्लांस मातीतून लोह मिळत नाही. म्हणून पहिल्या आठवड्यातच पशुवैद्यकाच्या सल्ल्याने त्यांना लोह द्यावे.

मनुष्याच्या शरीरातील दरवाजे

मनुष्यातील नियमनाचे सर्वांत परिचित उदाहरण दुधाचे आहे. दूध पचविण्यास लागणारे लॅक्टेज हे पाचक द्रव्य प्रत्येक तान्ह्या मुलाच्या आतड्यात तयार होते. पुढे बहुसंख्य माणसांत त्या जनुकाचा दरवाजा हळूहळू मिटतो, आणि मोठेपणी पेलाभर दूध घेतले की पोट फुगते. काही माणसांत मात्र जवळच्या नियामक भागातील एक अक्षर बदललेले असल्यामुळे दरवाजा जन्मभर उघडा राहतो. हा बदल फिनलंडमधील शास्त्रज्ञांनी २००२ साली दाखविला आणि तोच बदल भारतातही आढळतो. दूध न पचणारा मनुष्य आजारी आहे असे समजण्याचे कारण नाही. त्याने दही किंवा ताक घेऊन पाहावे, कारण विरजणात दुधातील साखरेचा काही भाग आधीच मोडलेला असतो.

दुसरे उदाहरण सिकलसेल या रक्तरोगाचे आहे. महाराष्ट्रात नंदुरबार, गडचिरोली आदी जिल्ह्यांतील आदिवासी बांधवांत हा रोग विशेष आढळतो. गर्भात असताना बालकाच्या रक्तात निराळे हिमोग्लोबिन असते व त्यास हा दोष बाधत नाही. जन्मानंतर काही महिन्यांत त्या हिमोग्लोबिनाचे जनुक मिटते आणि सदोष हिमोग्लोबिन त्याची जागा घेते. मिटविणाऱ्या नियामकाचाच दरवाजा रक्त बनविणाऱ्या पेशींत तोडावा, म्हणजे गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन पुन्हा तयार होईल, अशी उपचारपद्धती निघाली. तिला ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि अमेरिकेने डिसेंबर २०२३ मध्ये मान्यता दिली. हा उपचार अतिशय खर्चिक आहे. तोपर्यंत विवाहापूर्वी रक्ततपासणी करून घेणे हाच सामान्य कुटुंबास परवडणारा मार्ग आहे.

डुक्कर आणि मनुष्य यांच्या शरीरातील साम्याचा वैद्यकास फार पूर्वीपासून उपयोग होत आला आहे. मनुष्याचे इन्सुलिन व डुकराचे इन्सुलिन यांत केवळ एका घटकाचा फरक असल्यामुळे कित्येक दशके मधुमेही रुग्णांस डुकराचे इन्सुलिन देण्यात येत असे. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेतील मेरीलँड येथे एका रुग्णाच्या छातीत डुकराचे हृदय बसविण्यात आले. त्या डुकरात दहा जनुकीय बदल केलेले होते. त्यांपैकी एक बदल वाढीच्या नियमनाचा होता. माणसाच्या छातीत गेल्यावर हृदय डुकराच्या मापाने वाढत राहू नये, असा त्याचा हेतू होता. तो रुग्ण सुमारे दोन महिने जगला. मार्च २०२४ मध्ये बोस्टन येथे जनुकीय बदल केलेल्या डुकराचे मूत्रपिंड एका जिवंत रुग्णास प्रथमच बसविण्यात आले. तोही रुग्ण सुमारे दोन महिन्यांनी मरण पावला. हे मार्ग अद्याप प्रयोगावस्थेत आहेत. तथापि अवयवाच्या प्रतीक्षेत असणाऱ्या रुग्णांच्या दृष्टीने त्यांचे महत्त्व उघड आहे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी काय सांगावे

महाराष्ट्रात वराहपालन हा काही समाजांचा परंपरागत व्यवसाय आहे. त्यांच्याकडील अनुभव मोलाचा आहे. मात्र डुकरे मोकाट सोडण्याची रीत बंद होणे अगत्याचे आहे. मोकाट डुक्कर उघड्यावरील मैला खाते, त्यातून त्याच्या मांसात फीतकृमीच्या पिशव्या तयार होतात. असे मांस कच्चे राहिले तर खाणाऱ्याच्या आतड्यात फीतकृमी वाढतो, आणि त्याची अंडी अन्नपाण्यातून पोटात गेल्यास मेंदूत गाठी होऊन अपस्माराचे झटके येऊ शकतात. शौचालयाचा वापर आणि बंदिस्त वराहपालन ही दोन्ही कामे म्हणून एकत्रच हाती घ्यावीत. बंदिस्त पद्धतीत नर कोणता हेही पालकाच्या हाती राहते. मोकाट पद्धतीत निवडीचा प्रश्नच उरत नाही.

२०२० साली आसाम व अरुणाचल प्रदेशात आफ्रिकन स्वाइन फीवर हा रोग प्रथमच भारतात आढळला. तो माणसास होत नाही, परंतु डुकरांचे कळपच्या कळप नाहीसे करतो, आणि त्यावर औषध नाही. हॉटेलांतील उष्टे अन्न न उकळता घालणे हे त्याच्या प्रसाराचे एक मोठे कारण आहे. पुणे शहराजवळच्या तालुक्यांत असे खाद्य सहज मिळते, म्हणून येथे सावधगिरी अधिक हवी. नवीन जनावर काही आठवडे वेगळे बांधावे, आणि डुकरे एकाएकी मरू लागल्यास मांस न विकता पशुधन विकास अधिकाऱ्यांस तत्काळ कळवावे.

उत्तम ‘जनुकाचा’ नर म्हणून कोणी अवाच्या सवा किंमत मागितली, तर शेतकऱ्याने तीन प्रश्न विचारावेत : परीक्षेचा दाखला कोणत्या प्रयोगशाळेचा आहे, नराच्या दोन्ही प्रती चांगल्या आहेत की एकच, आणि त्याच्या पिल्लांच्या वजनाची नोंद कोठे आहे. पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर मिळाले नाही, तरी तिसऱ्याचे मिळालेच पाहिजे. शंका असल्यास बारामती व नारायणगाव येथील कृषी विज्ञान केंद्रांत किंवा नजीकच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारणा करावी, आणि मगच पैसे द्यावेत.